दाखवायचं घर

ड्रिल मशीनची वायर सोडवता सोडवता मिस्त्री म्हणाला, "ताई, घर विकायला काढलंय का?" मी म्हटलं, "नाही हो. का?" तर त्यानं बाहेरच्या खोलीकडे एकदा बघितलं, आतल्या खोलीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "नाही, राहतं घर वाटत नाही, म्हणून आपलं विचारलं." आणि गेला न्हाणीघरात, फरशीवर टिचक्या मारत. माणसं किती सहज बोलून जातात! मी तिथंच उभी, हातात त्याच्यासाठी केलेला चहा. अकरा वर्षं राहतेय मी या घरात. कर्ज नाही, भाडं नाही, दारावर माझ्या नावाची पाटी. आणि हा पाच मिनिटांत येऊन सांगतो की इथं कुणी राहत नाही. मी चिडून भिंतींकडे बघितलं. चारी भिंती कोऱ्या. अकरा वर्षांत एक खिळा नाही. घड्याळ फ्रिजवर टेकवलेलं, कॅलेंडर ड्रॉवरमध्ये, आरसा जमिनीवर उभा, त्यामुळे माझी मला रोज फक्त गुडघ्यापासून गळ्यापर्यंतच ओळख. खुर्च्या भिंतीपासून वीतभर लांब, भिंतीला डाग पडू नये म्हणून.  चार वाजता आई येणार होती, आणि मिस्त्रीला पाच मिनिटांत जे दिसलं ते आईला दारातूनच दिसलं असतं.

आई आठ दिवसांसाठी येणार होती. "आठ दिवस बघते," असं तिनं फोनवर सांगितलं होतं, "जमलं तर राहीन, नाहीतर तिकडे जाईन." तिकडे म्हणजे वृद्धाश्रमात. तिथला अर्ज तिनं स्वतः भरला होता, खिडकीजवळची खाट स्वतः पसंत केली होती आणि तिथल्या बाई स्वभावानं बऱ्या आहेत, असं प्रशस्तिपत्रकही देऊन आली होती. गेल्या खेपेला माझ्याकडे आली तेव्हा तिसऱ्या दिवशीच निघाली. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काही नाही गं, पाहुण्यासारखं वाटतं." मला ते इतकं लागलं, की दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत एका गृहस्थांच्या कवळीत सुळा उलटा बसवला मी. मी कवळ्या करते. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, मी मेणात दात रचते, हिरड्यांचा रंग जुळवते; लोकांच्या तोंडात शोभेल, हसताना पडणार नाही असं काहीतरी बसवून देणं हे माझं काम, आणि हात माझा चांगला आहे. पण स्वतःच्या आईला स्वतःच्या घरात बसवता येईना. ती राहायला हवी होती मला. सरळ सांगते, त्यात लाजायचं काय? मला ती हवी होती. एकटीला रोज संध्याकाळी कुलूप उघडायचा कंटाळा आला होता, आणि तिच्यासारखं खळखळून हसणारं दुसरं माणूस मला या जन्मात भेटलेलं नाही.

मिस्त्री आत भिंत फोडत होता. आईला धरायला न्हाणीघरात दांडा बसवायचा होता.  भिंतीला भोक पडतंय, आता दलाल काय म्हणेल, असं खरंच वाटून गेलं मला. पन्नाशीच्या बाईला! दलाल जाऊन वीस वर्षं झाली. पण हा दलाल म्हणजे आमच्या लहानपणीचा राजा. त्याच्याकडे विकायची रिकामी घरं असायची, आणि रिकाम्या घरात कुणी घुसू नये म्हणून त्याला राखणीला माणसं लागायची. ती माणसं आम्ही. भाडं नाही, पगार नाही, घर विकलं जाईपर्यंत राहायचं; विकलं की पुढच्या घरात. कधी चार महिने, कधी बारा दिवस. नियम एकच: घरात कुणी राहतंय असं दिसता कामा नये. भिंतीला टेकायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, फोडणी द्यायची नाही, वास राहतो. दलाल कोपऱ्यावर स्कूटरचा हॉर्न तीनदा वाजवायचा आणि गिऱ्हाइकाला चहा पाजायला घेऊन जायचा. तेवढी वीस मिनिटं आमची. अंथरुणं, स्टोव्ह, पातेली, माझी दप्तर-पुस्तकं, सगळं चादरीत बांधून मागच्या दारानं टेम्पोत. वीस मिनिटांत अख्खा संसार उचलायचो आम्ही. पुढे माझं लग्न मोडलं तेव्हा मी नवऱ्याच्या घरातून दोन पिशव्या घेऊन अठरा मिनिटांत बाहेर पडले. तो बिचारा "आपण बोलू या" म्हणत चहा टाकायला गेला होता, चहा उकळायच्या आत मी रिक्षात. सवय, दुसरं काय.

पण खरी गंमत पुढेच होती. टेम्पो भरला की आम्ही ठेवणीतले कपडे चढवायचो आणि पुढच्या दारानं परत आत यायचो, दुसरं गिऱ्हाईक म्हणून. ही दलालाची युक्ती. घर घ्यायला आणखी एक कुटुंब टपलंय असं दिसलं की खरं गिऱ्हाईक घाई करतं. आणि आई! काय सांगू, आईच्या अंगात यायचं. जिथं सकाळी तिनं उकिडवं बसून बटाटे सोलले त्याच स्वयंपाकघरात पाऊल टाकून ती म्हणायची, "अगंबाई, किती उजेड आहे हो इथं!" मग खिडकी उघडायची, जराशी अडकणारी, तिला माहीत असायचं कुठं दाबायचं ते. "वारा बघा ना!" खरी गिऱ्हाईकबाई तिच्या मागे मागे. मी आईचं बोट धरून, ठरल्यासारखं, "आई, ही खोली माझी," म्हणायचं. तेवढंच माझं वाक्य. मी इतक्या मनापासून म्हणायचे की एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यांनी घर लगेच ठरवलं. म्हणजे आम्ही जितकं चांगलं बोलायचो तितकं लवकर बेघर व्हायचो. हे लक्षात यायला मला नऊ वर्षांची व्हावं लागलं. मोठ्यांच्या ते आधीपासून लक्षात असणार, पण कुणी कधी वाईट बोललं नाही, ही आमच्या घराची एक रीतच म्हणायची.

मोठी माणसं तीन होती. आई, अप्पा आणि टेम्पोवाले काका. अप्पा माझे वडील. ते मधूनमधून बंद पडायचे. आम्ही असंच म्हणायचो, घड्याळाबद्दल बोलल्यासारखं: "अप्पा बंद पडलेत." आठवडा, पंधरा दिवस, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, बोलणं नाही, जेवण नावाला. त्यामुळे कुठली नोकरी टिकली नाही. मग एक दिवस उठून दाढी करायचे आणि इतके विनोद करायचे की पोटात दुखायचं. टेम्पोवाले काका आमचं सामान हलवायला म्हणून पहिल्यांदा आले. दुसऱ्यांदा आले. तिसऱ्या वेळी सामान उतरवून झाल्यावर गेलेच नाहीत. आई आणि ते यांच्यात काय होतं ते मला न सांगता कळत होतं. आई त्यांच्या ताटात वाढताना वेगळीच दिसायची, वयानं लहान. अप्पांना कळत नव्हतं असं नाही. त्यांनीच एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दर चार महिन्यांनी टेम्पो बोलवायचा, त्यापेक्षा टेम्पोवालाच घरात ठेवलेला परवडतो." काका खाली मान घालून हसले. आई हसली नाही. नंतर मोरीत भांडी घासताना तिचा हात एका जागी थांबलेला मी पाहिला. शाळेत बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं, तर मी म्हटलं, "आई, वडील आणि टेम्पो." सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा. मीही हसले. हसलं की पुढचा प्रश्न येत नाही, हे मला तेव्हाच समजलं होतं.

अप्पा बंद असताना हॉर्न वाजला की पंचाईत. स्टोव्ह उचलता येतो, माणूस कसा उचलणार? एकदा काकांना यायला उशीर झाला आणि गिऱ्हाईक दारात; आतल्या खोलीत अप्पा जमिनीवर आडवे. गिऱ्हाईकबाई दचकून म्हणाली, "हे कोण?" आई एक क्षणही थांबली नाही. "आमचे हे. पडून बघितल्याशिवाय यांना घर कळत नाही हो. सात घरं बघितली, सातही घरांत पडले." आणि भिंतीकडे तोंड असलेल्या अप्पांची पाठ हलायला लागली. ते हसत होते. सोळा दिवसांनी पहिल्यांदा. त्या बाईंचा नवरा मग स्वतःही जमिनीवर आडवा होऊन बघायला लागला, काय कळतंय ते. अजून आठवलं की मी प्रयोगशाळेत एकटीच हसते, आणि हाताखालची पोरगी विचारते, "मॅडम, कवळी हसली का?"

"झालं ताई," मिस्त्री म्हणाला. दांडा पक्का बसला होता. मी त्याच्यावर लोंबकळून बघितलं. तो गेल्यावर घड्याळात बघितलं तर साडेबारा. साडेतीन तासांत घर राहतं करायचं होतं. मग मी जे केलं ते सांगायलाही लाज वाटते. वर्तमानपत्र सोफ्यावर फेकलं. ते फारच नीट पडलं, म्हणून उचलून पुन्हा फेकलं. एक मोजा खुर्चीखाली टाकला. टेबलावर पाव कुस्करला. खुर्च्या भिंतीला चिकटवल्या. ओट्यावर दोन कप उष्टे दिसावेत म्हणून एकटीनं दोन कप चहा प्यायले. राहत्या घराचं हुबेहूब नाटक. आणि घाम पुसत मधोमध उभी राहिले तेव्हा मला कळलं की मी पुन्हा तेच करतेय. गिऱ्हाईक येणार म्हणून घर दाखवण्यासाठी मांडतेय. फक्त यावेळी उलटं. मला रडायला येईना, हसायलाच आलं.

आई चारला आली. एकच बॅग. आल्या आल्या म्हणाली, "अगं, पसारा किती!" आणि वर्तमानपत्राची घडी घातली, मोजा उचलला, पावाचा चुरा तळहातावर गोळा करून कचऱ्यात टाकला, दोन्ही कप विसळले आणि मग टेकली. खुर्चीच्या कडेवर. माझ्या सगळ्या मेहनतीवर तिनं सात मिनिटांत पाणी फिरवलं. मग हिंडून घर बघितलं. "उजेड छान आहे," ती म्हणाली. "वाराही येतो." तोच आवाज! जिभेवर साखर ठेवून बोलणारा.  ज्या ज्या घराला तिनं उजेड छान आहे म्हटलं ते ते घर आम्ही सोडलं होतं.

पहिले पाच दिवस असेच गेले. मी कामावरून यायचे तर घर जसंच्या तसं, आई खुर्चीच्या कडेवर. गप्पा भरपूर, हसणं भरपूर, त्यात कमी नाही. पण चहा झाला की कप तत्क्षणी विसळलेला, टॉवेल वाळला की बॅगेत, बॅगेची चेन लावलेली, बॅग खाटेखाली दाराच्या बाजूला. मी कपाटाचा एक खण रिकामा करून दिला होता. "असू दे गं, कशाला उगाच," ती म्हणाली. दुपारी काय करतेस, विचारलं तर, "बसते की." "झोपत नाहीस?" "दुपारी कसली झोप!" खरंच, दुपारी झोपलेली आई मी कधी पाहिलेली नव्हती. गिऱ्हाइकं दुपारीच यायची. सकाळी ती न्हाणीघरातून आली की मी बघायचे, दांड्यावर पाण्याचा एक थेंब नसायचा. ती धरत होती आणि पुसून ठेवत होती. मला त्या दांड्याचा राग आला. दांड्याचा काय दोष? पण आला.

सहाव्या दिवशी शनिवार होता. जेवणं झाली, आई भांडी पुसत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, तुला पिवळं घर आठवतं?" तिचा हात थांबला. पिवळं घर आम्हाला सात महिने मिळालं होतं, सगळ्यांत जास्त. जिन्याखाली माझ्या उंचीची एक कोनाड्यासारखी जागा होती, तिथं मी अभ्यास करायचे. अप्पा तिथं आल्यापासून फक्त एकदाच बंद पडले होते. काकांनी मागच्या दाराशी टेम्पोच्या चाकांना विटा लावल्या होत्या, आता हलायचं नाही म्हणून. आणि एक दिवस हॉर्न वाजला. गिऱ्हाईकबाई चांगल्या होत्या, हसऱ्या. घर त्यांना आवडतंय हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आई म्हणाली, "किती उजेड!" आता माझं वाक्य. मी त्यांचा पदर की ओढणी, जे हाताला लागलं ते ओढलं आणि म्हटलं, "काकू, इथं भूत आहे. जिन्याखाली. ते कण्हतं." नेमका त्याच वेळी अप्पांनी मागच्या खोलीत खोल उसासा टाकला. जिन्यावर उभ्या असलेल्या बाई पायऱ्या न उतरता उडीच मारून गेल्या. तासाभरात दलाल आला, त्यानं आभाळ डोक्यावर घेतलं आणि आम्हाला त्याच पावली बाहेर काढलं. दुसरं घर नाही. दहा दिवस आम्ही टेम्पोत राहिलो, पुलाखाली. मला वाटलं, आता अप्पा कायमचे बंद पडणार, माझ्यामुळे. पण अप्पा टेम्पोच्या फळीवर बसून पाय हलवत पाव खात म्हणाले, "भूत कण्हतं म्हणालीस ते ठीक. पण घोरतं म्हणाली असतीस तर खरं तरी झालं असतं." आणि काकांकडे बघितलं. काका घोरायचे. त्या दहा दिवसांत अप्पा एकदाही भिंतीकडे तोंड करून झोपले नाहीत. टेम्पोला तशी भिंतच नव्हती.

"माझ्यामुळे घर गेलं आपलं," मी आईला म्हटलं. चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं वाक्य. आईनं ताटली खाली ठेवली. "तुझ्यामुळे? अगं, मी तर मनात म्हणत होते, हिनं आणखी दोन भुतं सांगावीत. मलाही नको होतं ते घर सोडायला. मी मोठी होते म्हणून उजेड उजेड करत बसले. तू लहान होतीस म्हणून खरं बोललीस." "खरं कसलं? भूत?" "तेच ते," आई म्हणाली आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला ओट्याला धरावं लागलं. हसता हसताच मी बोलून टाकलं. "आई, जाऊ नकोस तिकडे. राहा इथं. मला तू हवी आहेस." आमच्या घरात हे वाक्य कुणी कुणाला म्हटलेलं नव्हतं. काकांना कुणी राहा म्हटलं नव्हतं, ते राहिले. अप्पांना कुणी उठा म्हटलं नव्हतं, ते उठायचे. दोघंही एका वर्षाच्या अंतरानं गेले आणि आईनं त्यांनाही जाऊ नका म्हटलं नाही.  ताटली पुसलेलीच होती, ती पुन्हा पुसत आई म्हणाली, "बघू." बघू म्हणजे नाही. हे मी लहानपणापासून शिकलेली. मी हात धुतले आणि आत जाऊन पडले.

रविवारी दुपारी मी बाहेरच्या खोलीत दातांचे नवे नमुने रंगानुसार लावत बसले होते. आतून आवाज येत नव्हता म्हणून डोकावले तर आई खाटेवर आडवी. एक पाय पांघरुणाबाहेर, तोंड उघडं, कवळी काढून उशीपाशी. मीच केलेली कवळी. ती झोपली होती, भर दुपारी, दोन वाजता, लहान पोरासारखी. मी हळूच मागे सरकले. आणि तेवढ्यात खाली पाण्याचा पंप सुरू झाला. आमच्या इमारतीचा पंप म्हणजे शत्रू आहे शत्रू. बरोबर आईच्या खिडकीखाली, आणि सुरू झाला की खाट थरथरते. मी कपाळावर हात मारला. आतून खाट करकरली, चपलांचा आवाज आला आणि आई माझ्यासमोरून गेली. केस विस्कटलेले, तोंडात दात नाहीत. "कुठं निघालीस?" दार उघडंच टाकून गेली. संपलं, म्हटलं मी, चालली. मग बघितलं तर बॅग खाटेखाली होती. दोन मिनिटांत पंप बंद पडला. आणखी दोन मिनिटांत आई वर आली, "मेल्यांना दुपारची वेळ कळत नाही," असं काहीतरी दातांशिवाय बोलली आणि पुन्हा जाऊन झोपली.

दहा मिनिटांनी बेल वाजली. वाजली म्हणजे काय, बेलवर कुणीतरी अंगठा ठेवून उभं होतं. दारात इमारतीचे सेक्रेटरी. अंगावर टॉवेल, डोक्याला साबणाचा फेस, एक डोळा मिटलेला. मागे जिन्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या बाई रिकामी बादली घेऊन. "पंप बंद कुणी केला? अख्ख्या इमारतीचं पाणी गेलंय!" मी क्षमा मागायला तोंड उघडणार, तोवर आई आली. आता दात घातलेले. "मी केला. दुपारी दोनला पंप लावतात होय? माणसं झोपतात." "अहो, पण गेली पंधरा वर्षं दोनलाच लागतो!" "मग पंधरा वर्षं चुकतंय. अकराला लावा." "असं कसं? मीटिंगमध्ये ठरवावं लागतं ते." "घ्या मग मीटिंग."  उभ्या आयुष्यात आई शेजारपाजारच्या कुणाशी भांडलेली मी पाहिली नव्हती. शेजारीच नव्हते आम्हाला. आम्ही कुठल्या घरात असतो हे कुणाला माहीत असायचं, की त्यांच्याशी भांडावं? आणि आता ही कमरेवर हात ठेवून, गाल लाल, आवाज टिपेला, साखरेचा कण नाही त्यात. सेक्रेटरींच्या कानावरून फेस ओघळला. त्यांनी आईचा नाद सोडून माझ्याकडे मोर्चा वळवला, आवाज जरा खाली आणला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "ह्या तुमच्याकडे अजून किती दिवस आहेत?"

मी तोंड उघडलं. उद्या आठवा दिवस होता.  मी आईकडे बघितलंही नाही, धीरच झाला नाही.

"मी इथंच राहते," आई म्हणाली. "का? तुम्ही कुठं चाललाय का?"